ग्रामर माहीत असणं वेगळं, तोंडात बसणं वेगळं

इंग्रजी कसं शिकायचं यावरचा वाद हल्ली जिथे बघावं तिथे चालू असतो आणि दर वेळी तो त्याच दोन टोकांना जाऊन अडकतो. एक बाजू म्हणते ग्रामर विसरा, बिनधास्त बोला, लहान मूल कुठे व्याकरण शिकून बोलतं. दुसरी बाजू म्हणते पायाच कच्चा असेल तर पुढे काय होणार, आधी बारा टेन्स पाठ करा मग तोंड उघडा. मी गेली बरीच वर्षं मोठ्या माणसांना, म्हणजे नोकरीधंद्याला लागलेल्या, शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झालेल्या माणसांना इंग्रजीची सुरुवात करून देते आणि हा वाद ऐकला की मला मनापासून त्रास होतो. कारण यात भरडला जातो तो शिकणारा. तो दोन्हीकडचं ऐकतो, महिनाभर टेन्सचे तक्ते घोकतो, कंटाळून पुढचा महिना बिनधास्त बोलून बघतो, कोणीतरी हसतं, मग "आपल्या डोक्यातच नाही इंग्रजी" असं म्हणून कायमचा गप्प बसतो. डोक्यात सगळं असतं हो, सांगणाऱ्यांनीच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केलेली असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बेसिक ग्रामरचा सराव लागतोच, त्यातून सुटका नाही, पण बेसिक म्हणजे खरोखर थोडं आणि सराव म्हणजे ते थोडं स्वतःच्या वाक्यांत, तोंडाने, रोज, अंगवळणी पडेपर्यंत वापरणं. नियम माहीत असणं ही एक गोष्ट आणि तो बोलताना आपोआप पाळला जाणं ही दुसरी. गुणाकार म्हणजे काय हे समजलेलं मूल आणि सात आठे म्हटल्याबरोबर छप्पन्न म्हणणारं मूल यांच्यात जो फरक आहे तोच हा. वाद घालणारे दोघंही या दोन गोष्टींना एकच नाव देतात, ग्रामर, आणि मग एक जण पहिलीला शिव्या देतो, दुसरा दुसरीची बाजू घेतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे वाटतात.

आता ग्रामर नको म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करूया. त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या आजूबाजूलाच आहे. शाळेत आठ-दहा वर्षं व्याकरण शिकलेली, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह आणि डायरेक्टचं इनडायरेक्ट फटाफट करून मार्क मिळवलेली माणसं समोरच्याने साधं "व्हॉट डू यू डू" विचारलं की घाम पुसतात. हे खोटं कोण म्हणेल? आणि ही तक्रार आजची नाही. १८८२ साली विल्हेल्म फिएटर नावाच्या जर्मन भाषातज्ज्ञाने भाषाशिक्षणाने आता पाठ फिरवून उलट्या दिशेने निघायला हवं अशी जाहीर हाक दिली होती, कारण तेव्हाही नियम पाठ करा, याद्या पाठ करा, सुटी वाक्यं भाषांतरित करा एवढंच चालायचं आणि मुलं बोलायला तयार होत नव्हती. मग ती पद्धत सोडून थेट बोलण्यावर भर आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिकांना भाषा शिकवताना एकच साचा शेकडो वेळा म्हणवून घ्यायची पद्धत जोरात आली, पोपटासारखं म्हणा, अर्थाचा विचार नंतर. १९५९ मध्ये नोम चॉम्स्कीने भाषा ही नुसती सवय आहे या विचारावर एवढा जोरदार हल्ला केला की त्या घोटून घेण्यामागची बैठकच हलली. १९८०च्या सुमारास स्टीफन क्रॅशन आला आणि म्हणाला की समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडू द्या, भाषा आपसूक येते, शिकलेले नियम फार तर नंतर तपासायला उपयोगी पडतात. म्हणजे गेली सव्वाशे-दीडशे वर्षं हा लंबक या टोकाकडून त्या टोकाकडे जातोय आणि आपण आज नव्याने काहीतरी शोधल्यासारखं भांडतोय.

मग क्रॅशनचं ऐकून सोडून द्यायचं का ग्रामर? इथे कॅनडाचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथे १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं रोज तासनतास फ्रेंच कानावर, समजेल अशी, अर्थासकट. याहून चांगली परिस्थिती कुठली मिळणार? या मुलांना फ्रेंच समजायची जवळपास फ्रेंच मुलांसारखीच, हे मोठं यश होतंच, पण बोलताना आणि लिहिताना क्रियापदांची रूपं, नामांची लिंगं यात ती इतकी वर्षं होऊनही चुकतच राहिली. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये यावर लिहिलं आणि म्हणाल्या की नुसतं ऐकणं पुरत नाही, स्वतः वाक्य तयार करावं लागतं, कारण ऐकताना शेवटचा प्रत्यय निसटला तरी अर्थ कळतो, पण बोलताना तो प्रत्यय आपल्यालाच लावायचा असतो. दुसरं उदाहरण हवाईमध्ये राहायला गेलेल्या एका जपानी चित्रकाराचं, अभ्यासात त्याला वेस हे नाव दिलंय. हा माणूस म्हणजे बिनधास्त बोला म्हणणाऱ्यांचा आदर्शच, मोकळा, लोकांत मिसळणारा, कामापुरतं इंग्रजी झपाट्याने आत्मसात केलेला. रिचर्ड श्मिट यांनी तीन वर्षं त्याचं बोलणं तपासलं आणि १९८३ मध्ये ते छापलं. त्याचा संवाद खूप सुधारला, पण व्याकरण जवळजवळ होतं तिथेच राहिलं. त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं आणि तो त्याचा हक्क आहे. पण ज्याला रिपोर्ट लिहायचाय, मुलाखत द्यायचीय, डॉक्टरला आपल्या आईचं दुखणं नीट सांगायचंय त्याला "बोलत राहा, आपोआप सुधारेल" असं आश्वासन देणं योग्य आहे का? आपोआप सुधारतंच असं नाही, हे माहीत असताना?

आणि ते लहान मुलाचं उदाहरण. मूल दिवसभर भाषेत भिजलेलं असतं, वर्षानुवर्षं, आणि त्याला दुसरं कामच नसतं. मोठ्या माणसाकडे दिवसाची वीस मिनिटं असतात आणि डोक्यात आधीच एक पूर्ण तयार भाषा बसलेली असते. ती गप्प बसत नाही. हा मुद्दा वादात कोणीच घेत नाही याचं मला फार आश्चर्य वाटतं, कारण आपल्या चुका कुठून येतात हे पाहिलं तर त्यातल्या कितीतरी चुका म्हणजे मराठीचं अगदी शुद्ध व्याकरण असतं. "आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. मराठीत आपण म्हणतो मी इथे पाच वर्षांपासून राहतोय. क्रियापद चालू काळाचं, आणि पासून हा एकच शब्द, मग पुढे दोन हजार दहा येवो नाहीतर पाच वर्षं येवोत. इंग्रजी मात्र विचारतं की तुम्ही सुरुवातीचा क्षण सांगताय की मधला कालावधी, क्षण असेल तर सिन्स, कालावधी असेल तर फॉर, आणि तेव्हापासून आतापर्यंत चालत आलंय म्हणून हॅव बीन लिव्हिंग. एका वाक्यात दोन चुका आणि दोन्ही मराठीने प्रामाणिकपणे सुचवलेल्या. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" का येतं? मराठीत हॅवसारखं क्रियापदच नाही, आपल्याला भाऊ "असतात", तो असणं-आहे कुठेतरी बसवायचा म्हणून ॲम येतो. "एक्सप्लेन मी" येतं कारण मला समजाव यात मला एकदा म्हटलं की झालं. आता सांगा, ह्या गोष्टी नुसत्या ऐकून सुटतील? ज्याचा कान मराठीने घडलाय त्याला तिथे काही वेगळं आहे हेच आधी कळत नाही. ते कोणीतरी एकदा दाखवावं लागतं. त्या दाखवण्याला ग्रामर म्हणतात, आणि ते पाच मिनिटांचं काम आहे. उरलेला महिना सरावाचा.

आपल्याला व्याकरण जमत नाही असं जे म्हणतात त्यांना मी त्यांचीच भाषा ऐकवते. मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. लिहिणारा तोच, पण क्रियापद लिहिलेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदललं. शिवाय वर्तमानकाळात हा प्रकार नाही, तिथे तो लिहितो, ती लिहिते, कर्त्याप्रमाणे. एवढं गुंतागुंतीचं प्रकरण आपण भांडताना, झोपेत, ताप असताना सुद्धा बिनचूक करतो. आणि याच माणसाला ही वर्क्समधला एक "स" जड जातो! त्याची बुद्धी कमी असणं शक्यच नाही. मराठीचं व्याकरण जिभेत उतरलंय आणि इंग्रजीचं वहीत राहिलंय, एवढंच आहे ते.

आता पाया-पाया करणाऱ्यांकडे वळते, कारण त्यांनी जास्त नुकसान केलंय असं माझं मत आहे. त्यांचं खरं काय? की नियम असले म्हणून थोडक्यात खूप काही हाताशी येतं. हे तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून झालंय. पतंजलीच्या महाभाष्यात सुरुवातीलाच ती गोष्ट आहे, बृहस्पती इंद्राला एकेक शब्द सुटा सुटा सांगत बसला, देवांची हजार वर्षं गेली तरी शब्द संपेनात, म्हणून सर्वसाधारण नियम आणि त्याचे अपवाद अशी वाट धरायची. "हजार इंग्लिश वाक्यं पाठ करा आणि फाडफाड बोला" असं विकणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे, एक हजार एकावं वाक्य लागलं की काय करणार? पण त्याच पतंजलीने त्याच ठिकाणी अजून एक गोष्ट सांगितलीय आणि पायावाले ती विसरतात. मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जातो आणि म्हणतो मडकं कर, पण शब्द वापरायचेत म्हणून कोणी वैयाकरणाकडे जाऊन शब्द करून दे म्हणत नाही. बोलणं आधीच लोकांत चालू असतं, व्याकरण त्याच्या मागून येतं. मग बारा टेन्स पाठ झाल्याशिवाय तोंड उघडू नका हा हुकूम कोणत्या अधिकाराने?

आणि सराव म्हणून काय देतात तर रिकाम्या जागा भरा. जागा एकच, कंसात क्रियापद दिलेलं, वर धड्याचं नाव सिंपल पास्ट लिहिलेलं. विद्यार्थ्याने ठरवायचं काय उरलं? पन्नासच्या पन्नास बरोबर येतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस "आय डिडन्ट वेंट" म्हणतो, कारण बोलताना कंस नसतो, धड्याचं नाव नसतं, काय म्हणायचंय हे आपणच ठरवायचं असतं आणि त्याच क्षणी रूपही शोधायचं असतं.

हे डिडन्ट वेंटचं जरा नीटच घेते, कारण बेसिक ग्रामर किती छोटं आहे ते यातून कळतं. साध्या वाक्यात इंग्रजी काळाची खूण एकदाच लावतं. ही वर्क्स, इथे स वर्कला चिकटलाय. नकार केला की डझ मध्ये येतो आणि तो स उडी मारून त्याच्यावर जातो, ही डझन्ट वर्क. प्रश्न केला, डझ ही वर्क, स तिथेच, वर्क मोकळं. भूतकाळ केला, ही वर्क्ड. नकार, ही डिडन्ट वर्क, भूतकाळाची खूण डिडने उचलली, वर्क पुन्हा मोकळं. म्हणजे डिडन्ट वेंट म्हणजे खूण दोनदा लावली आणि डझ ही वर्क्स म्हणजेही तेच. एवढी एक गोष्ट कळली की शाळेतली चार प्रकरणं एका दोरीत येतात. आणि कळली म्हणजे आली का? नाही ना. मग स्वतःच्या आयुष्यातली पाच वाक्यं घ्यायची, माझा भाऊ काय करतो, शेजारीण काय करते, आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने फिरवायचं, होकार, नकार, प्रश्न, काल, काल नाही, काल का. दहा मिनिटं लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जीभ स्वतःहून अडखळायला लागते जेव्हा खूण दोनदा लागते, जसा मी चिठ्ठी लिहिला म्हटलं की आपला कान अडखळतो. रविवारी दोन तास बसून हे होत नाही. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं किती भराभर विसरतं आणि तेच अंतराअंतराने परत केलं तर कसं टिकतं. सव्वाशे वर्षांहून जुनी माहिती आहे ही आणि अजून आपण परीक्षेच्या आदल्या रात्रीवर विसंबतो.

शब्दांचंही असंच. रोज दहा नवे शब्द पाठ करा असा एक सल्ला फिरत असतो आणि माणसं अवघड अवघड शब्दांच्या वह्या भरतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या साधारण २००० शब्दांची यादी काढली होती, त्यातले बरेचसे शब्द शाळा शिकलेल्या माणसाला आधीच माहीत असतात. माहीत नसतं ते कोण कोणाबरोबर नांदतं. मराठीत प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, फरक पडतो, पाऊसही पडतो. कोणी शिकवलं? परक्या माणसाने "स्वप्न पडलं" म्हणायला हवं तिथे "स्वप्न आलं" म्हटलं तर आपल्याला समजतं पण खटकतं. तसंच चूक करणे म्हणून डू मिस्टेक होतं, तिथे मेक लागतं. बघणे या एका शब्दासाठी सी, लुक, वॉच असे तीन आहेत, सांगणे-बोलणे-म्हणणेसाठी से, टेल, स्पीक, टॉक. म्हणून सुटा शब्द लिहूच नका असं मी सांगते, शेजाऱ्यासकट लिहा आणि आजच्या आज एका खऱ्या वाक्यात वापरा.

एक आक्षेप मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याला उडवून लावणं मला जमणार नाही. तो असा, की शुद्ध इंग्रजी ही माणसांना खाली दाखवायची काठी आहे, इंग्रजी आता सगळ्या जगाचं आहे, मग कोणाच्या नियमांनी चालायचं? यात इतिहास त्यांच्या बाजूने आहे. १७६२ साली रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण आलं, त्यात शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या सुद्धा चुका काढल्यात. त्या काळात चांगली शिकलेली माणसं एका माणसाला उद्देशून यू वॉज लिहायची, लोथने ते चूक ठरवलं. यू मुळात आपल्या तुम्हीसारखं अनेकवचनी, एकाला दाऊ असायचं म्हणजे आपलं तू, हळूहळू सगळेच तुम्ही झाले आणि दाऊ वापरातून गेलं, म्हणून आजही एकट्या माणसाला यू आर म्हणायचं, तुम्ही आहात. (हे सांगितलं की यू इज म्हणणारे बरेच जण तिथल्या तिथे सुधारतात, मराठीच्या आधाराने इंग्रजी किती सोपं होतं त्याचा हा माझा आवडता नमुना.) तर नियम माणसं ठरवतात आणि बदलतात हे खरं. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं, डिस्कस अबाउट म्हटलं, कुठे द राहून गेला, यावरून कोणाला हिणवणं क्रूरपणा आहे आणि मी माझ्यापुरतं ते कधी होऊ देत नाही. पण सगळ्या चुका एका पारड्यात घालायच्या का? "ही वर्क्स हियर" आणि "ही वर्क्ड हियर" यात माणसाची नोकरी आहे की गेली एवढा फरक आहे. "आय स्टॉप्ड टू टेक द मेडिसिन" म्हणजे औषध घ्यायला थांबलो, "आय स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन" म्हणजे औषध बंद केलं, आणि समोर डॉक्टर बसलेला असतो. अर्थ बदलणारं व्याकरण तेवढं बेसिक, बाकीचं सावकाश. आणि अजून एक, मला हे बोलावंच लागेल, ग्रामरची गरज नाही असं सांगणारे बहुतेक जण स्वतः चांगलं इंग्रजी बोलणारे असतात, त्यांच्या घरात ते लहानपणापासून असतं. त्यांना ते फुकट मिळालं म्हणून दिसत नाही. ज्याला मिळालं नाही त्याला ते मागायचाही अधिकार नाही का? नियम ही काठी असेल तर ती दुसऱ्याच्याही हातात यायला हवी.

आता नवीन मुद्दा येतो की मोबाइल सगळं दुरुस्त करून देतो, शिकायचं कशाला. लिहिताना मदत होते, घ्यावी. पण आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स आणि आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. मशीन कशाला हात लावणार? तुम्ही अजून तिथे आहात की सोडलंत हे तुमचं तुम्हालाच माहीत, आणि फरकच माहीत नसेल तर तुमच्या नावावर भलतंच जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

चुका काढल्या की माणसं घाबरतात, हेही खरं, मी स्वतः तशी घाबरून दोन वर्षं गप्प बसलेली आहे. पण ती भीती कुठून आली होती? चारचौघांत, वाक्य अर्धवट तोडून, चेहरा करून काढलेल्या चुकीतून. वाक्य पूर्ण होऊ द्या, अर्थाला आधी उत्तर द्या, मग बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगा, सात नको. शिवाय ज्याची जीभ डझ-डिडपाशी दर वाक्याला अडते त्याच्या डोक्यात काय बोलायचं याला जागाच उरत नाही, तो घाबरणारच. मी पाहिलंय की एवढे थोडेसे साचे बसले की तीच माणसं मोकळी होतात, जोक सांगायला लागतात.

माझ्याकडे पन्नाशीच्या एक ताई येतात, त्यांनी वहीत एकही नियम लिहिलेला नाही, लिहायचं नाही असं आमचं ठरलंय. परवा फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होत्या, मी समोर होते हे विसरून गेल्या होत्या. "व्हाय डिड यू वेंट," म्हणाल्या, अर्ध्या सेकंदाला थांबल्या, "व्हाय डिड यू गो विदाउट टेलिंग मी," आणि पुढे भांडत राहिल्या.